सर्व्हरचा वीजवापर चुकीचा दिसतो तेव्हा काय तपासावे?

सर्व्हर हा दिवसाचे २४ तास आणि वर्षाचे ३६५ दिवस चालू राहणारा संगणक आहे. त्याच्या वीजवापराच्या आकड्यात नुसती १०० वॅटची चूक असली, तरी एका यंत्रामागे वर्षाला ८७६ युनिटचा हिशेब चुकतो. पण बिलाचा फरक हा त्यातला किरकोळ भाग. खरा धोका असतो तो रॅकमध्ये अजून किती यंत्रे बसतील, हे या आकड्यांवरून ठरवताना.

एक उदाहरण घेऊ. एका रॅकला १६ अँपिअरच्या दोन स्वतंत्र वीजवाहिन्या आहेत. त्यात ८ सर्व्हर असून प्रत्येक जण ४२० वॅट घेतो. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आहेत आणि भार दोघांत निम्मा-निम्मा वाटला जातो. देखरेखीची प्रणाली मात्र चुकून पहिल्याच पॉवर सप्लायचा सेन्सर वाचते, म्हणजे सर्व्हरमागे २१० वॅट दाखवते. पडद्यावर रॅकचा एकूण भार १,६८० वॅट दिसतो. प्रत्यक्षात तो ३,३६० आहे. भरपूर जागा आहे असे समजून आणखी ४ सर्व्हर बसवले जातात. रोजच्या कामात काहीच बिघडत नाही, कारण प्रत्येक वाहिनीवर जेमतेम ११ अँपिअर येतात. मग एके दिवशी देखभालीसाठी एक वाहिनी बंद केली जाते. सगळे ५,०४० वॅट दुसरीवर येतात, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास २२ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी हे फार वेळ सोसत नाही. तो पडला की १२ ही सर्व्हर एकदम बंद. दोन वाहिन्या घेण्याचा सगळा खर्च जी वेळ टाळण्यासाठी केला होता, नेमकी तीच वेळ येते.

आकडा येतो कुठून?

चूक शोधायची तर आधी आकड्याचा प्रवास माहीत हवा. सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये व्होल्टेज आणि विद्युतप्रवाह मोजणारी चिप असते. ती आपली रीडिंग पीएमबस नावाच्या दोन तारांच्या साध्या मार्गाने मदरबोर्डवरील बीएमसीकडे पाठवते. बीएमसी म्हणजे सर्व्हरच्या आत राहणारा एक छोटा स्वतंत्र संगणक. मुख्य सर्व्हर बंद असला तरी वायर लावलेली असेपर्यंत तो जागा असतो. डेल त्याला आयड्रॅक म्हणते, एचपीई आयएलओ म्हणते, काम तेच.

बीएमसीशी बोलण्याच्या दोन मुख्य भाषा आहेत. जुनी आयपीएमआय १९९८ मध्ये आली. डेटा सेंटरच्या गरजांसाठी, विशेषतः वीजमापनासाठी, तिला डीसीएमआय ही पुरवणी २००८ मध्ये जोडली गेली. नवी रेडफिश २०१५ पासून वापरात आहे आणि ती वेबच्या पद्धतीने चालते. देखरेखीचे सॉफ्टवेअर यांपैकी एका भाषेत आकडा मागते, साठवते आणि आलेख काढते. थोडक्यात चिप, पीएमबस, बीएमसी, भाषा आणि सॉफ्टवेअर अशी पाच ठिकाणे आहेत. आलेखाकडे पाहून यातले कोणते नादुरुस्त आहे ते कळत नाही. म्हणून तपासणी नेहमी मागून पुढे करावी: आधी बीएमसीच्या स्वतःच्या वेबपानावर आकडा पाहावा. तिथे तो बरोबर असेल तर दोष भाषेत किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिथेच चुकीचा असेल तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये दिवसभर डोके घालण्यात अर्थ नाही.

रीडिंग येतच नसेल तर

लिनक्सवर आयपीएमआयटूल चालवल्यावर 'डिव्हाइस उघडता आले नाही' अशा अर्थाचा संदेश आला, तर बहुतेक वेळा कर्नलमधील आयपीएमआयचे ड्रायव्हर लोड झालेले नसतात. दोन लागतात: एक बीएमसीशी जोडणारा, दुसरा प्रोग्रामांना दार उघडून देणारा. दुसरा विसरला जातो. नेटवर्कवरून विचारणा करत असल्यास यूडीपी पोर्ट ६२३ फायरवॉलमध्ये उघडे आहे का, आणि वापरलेल्या खात्याला पुरेसे अधिकार आहेत का, हे पाहावे.

सेन्सरच्या यादीत वॅटच्या जागी 'एनए' किंवा 'एनएस' दिसले तर बीएमसी पोहोचते आहे, पण तिच्याकडेच आकडा नाही. स्वस्त सर्व्हरमध्ये कधी कधी पॉवर सप्लायला पीएमबसच नसतो. तिथे कोणतेही सॉफ्टवेअर बसवले तरी उपयोग नाही. बाहेरचा मीटर किंवा मोजणी करणारी रॅकची वीजपट्टी हाच मार्ग. पूर्वी दिसणारे रीडिंग गायब झाले असेल तर पॉवर सप्लाय बदलला गेला आहे का, हे आधी विचारावे. दुसऱ्या कंपनीचा किंवा वेगळ्या आवृत्तीचा भाग बसवला की वीज व्यवस्थित मिळते, पण मोजणीची बोली जुळत नाही.

रेडफिशच्या बाबतीत एक अलीकडचा बदल अनेकांना अडवतो. वीजवापराची माहिती आधी 'पॉवर' नावाच्या एकाच पानावर मिळायची. २०२० मध्ये ते पान जुने ठरवून माहिती 'पॉवर सबसिस्टिम' आणि 'एन्व्हायर्नमेंट मेट्रिक्स' अशी विभागण्यात आली. नव्या यंत्रावर जुना पत्ता विचारणारी स्क्रिप्ट रिकाम्या हाताने परत येऊ शकते.

आकडा गोठलेला असेल तर

सर्व्हरवर काम वाढते, पंखे घोंघावू लागतात आणि आलेख मात्र सरळ रेषेत. बीएमसी शेवटचा आकडाच पुन्हा पुन्हा देत असते. अशा वेळी बीएमसी 'कोल्ड रीसेट' करावी. यात फक्त तो छोटा संगणक पुन्हा सुरू होतो; मुख्य सर्व्हरवरील काम चालू राहते. मधल्या काही मिनिटांत देखरेख बंद असते आणि पंखे पूर्ण वेगाने फिरू शकतात, म्हणून आवाज ऐकून घाबरू नये. एवढ्याने सुटले नाही तर पीएमबसचा मार्गच अडकलेला असू शकतो. मग दोन्ही पॉवर सप्लाय निरोगी असल्याची खात्री करून, एका वेळी एकच काढून पुन्हा बसवावा. एकच पॉवर सप्लाय असेल तर हे काम ठरवून बंद ठेवलेल्या वेळेतच करावे.

लिनक्समध्ये एक वेगळा प्रकारही भेटतो. एसीपीआय पॉवर मीटर नावाचा ड्रायव्हर बायोसमार्फत वॅट वाचतो. काही सर्व्हरांच्या बायोसमध्ये ही सोय सदोष आहे. प्रत्येक वाचनाला कर्नल लॉगमध्ये एक तक्रार पडते, आणि देखरेख दर काही सेकंदांनी वाचत असेल तर लॉग भरून जातो. यात वीजयंत्रणेचा दोष नसतो. तो ड्रायव्हर बंद ठेवून बीएमसीकडून आकडा घ्यावा.

आकडा येतो, पण पटत नाही

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, कारण यंत्रणा खोटे बोलत नसते. ती वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असते.

पहिला संशय अर्थातच पॉवर सप्लायच्या बेरजेवर. दोन्ही मिळवले आहेत का ते पाहावे. काही सर्व्हर कार्यक्षमतेसाठी एकालाच कामाला लावतात आणि दुसऱ्याला राखीव ठेवतात. तिथे एक आकडा मोठा आणि दुसरा जवळपास शून्य दिसतो; तो बिघाड नव्हे. उलट प्रकार बहुनोड सर्व्हरमध्ये होतो. एकाच पेटीत चार सर्व्हर असतात, पॉवर सप्लाय आणि पंखे सामायिक. काही मॉडेलांत प्रत्येक नोड स्वतःचा नव्हे, तर सगळ्या पेटीचा आकडा सांगतो. चारही जोडले की वीजवापर चौपट!

दुसरे म्हणजे आत जाणारी आणि बाहेर येणारी वीज. पॉवर सप्लाय भिंतीतून घेतो तेवढी सगळी आत देत नाही. '८० प्लस' मानांकनातील २३० व्होल्टच्या सर्व्हर गटात गोल्ड दर्जाला निम्म्या भारावर ९२ टक्के, तर टायटॅनियमला ९६ टक्के कार्यक्षमता लागते. गोल्ड दर्जाचा पॉवर सप्लाय ४६० वॅट देतो तेव्हा सुमारे ५०० वॅट घेतो. देखरेख ४६० दाखवत असेल आणि मीटर ५००, तर दोन्ही बरोबर आहेत. बिल मात्र ५०० चे येते, म्हणून सेन्सरच्या नावात इनपुट आहे की आउटपुट, हे डोळ्यांत तेल घालून वाचावे.

तिसरा घोटाळा क्लॅम्प मीटरचा. तो तारेभोवती धरून अँपिअर वाचले आणि २३० ने गुणले की मिळते ते व्होल्ट-अँपिअर, वॅट नव्हे. दोन्हींत पॉवर फॅक्टरचा फरक असतो. भरपूर भारावर आधुनिक पॉवर सप्लायचा पॉवर फॅक्टर एकच्या अगदी जवळ असतो, पण यंत्र रिकामे असताना तो घसरतो. त्यामुळे 'रात्री सर्व्हर मोकळा असताना मीटर जास्त दाखवतो' ही तक्रार बरेचदा क्लॅम्प मीटरमुळेच जन्माला येते. भर म्हणजे, तीन पदरी केबलभोवती सबंध क्लॅम्प धरला तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खाऊन आकडा शून्याजवळ येतो. फक्त फेजची तार वेगळी करून धरावी लागते, आणि ते काम वीजतंत्रज्ञाचेच.

आकडा पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारतो, १९६ नंतर थेट २००, ही तक्रारही नेहमीची. आयपीएमआयचा नेहमीचा सेन्सर ८ बिटचा असतो, म्हणजे त्याला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. ८०० वॅटचा पॉवर सप्लाय त्यात बसवायचा तर एक पायरी ४ वॅटची करावी लागते. बारीक फरक हवा असेल तर डीसीएमआयचे रीडिंग घ्यावे. तिथे ही मर्यादा नाही. शिवाय तात्कालिक, किमान, कमाल आणि सरासरी असे चार आकडे एकत्र मिळतात. मात्र सरासरी किती काळाची, हे त्याच उत्तरात दिलेले असते, ते न वाचता दोन यंत्रांची तुलना करू नये. एकाची सरासरी एका सेकंदाची आणि दुसऱ्याची पाच मिनिटांची असेल, तर आलेख जुळणारच नाहीत.

प्रोसेसरचा स्वतःचा हिशेब

इंटेलने २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरपासून रॅपल ही सोय दिली. प्रोसेसर स्वतः किती ऊर्जा खातो ते त्यातून कळते. बीएमसीची परवानगी लागत नाही, वाचन वेगवान असते, म्हणून अनेक मोफत साधने तेच वापरतात. पण हा आकडा सर्व्हरचा नव्हे. त्यात पंखे, डिस्क, नेटवर्क कार्ड आणि पॉवर सप्लायमध्ये उष्णतेत जाणारी वीज नसते. पंख्यांना लागणारी वीज त्यांच्या वेगाच्या साधारण घनाप्रमाणे वाढते. उन्हाळ्यात खोली तापली की रॅपल स्थिर आणि मीटर वर, असे चित्र दिसते.

रॅपल वॅट देत नाही, तो ऊर्जेचा मोजक आहे, घरच्या मीटरसारखा सतत पुढे जाणारा. दोन वाचनांतील फरकाला वेळेने भागले की वॅट मिळतात. हा मोजक ३२ बिटचा आहे. बऱ्याच प्रोसेसरांत तो सुमारे २,६२,१४४ ज्यूलला पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे २०० वॅटवर साधारण २२ मिनिटांनी. स्क्रिप्ट दर ५ मिनिटांनी वाचत असेल आणि हा फेरा तिला कळत नसेल, तर अधूनमधून उणे ६७४ वॅट असा विनोदी आकडा उमटतो. तासातून एकदाच वाचणाऱ्या स्क्रिप्टचे दुखणे जास्त वाईट, कारण तिथे मधले फेरे हरवतात आणि आकडा उणे न येता नुसता कमी येऊ शकतो. कोणाला संशयही येत नाही.

रॅपल अचानक वाचता येईनासा झाला, तर त्यामागे नोव्हेंबर २०२० मधील एक घटना असते. या मोजकातील सूक्ष्म चढउतारांवरून गुप्त किल्ल्या ओळखता येतात, हे 'प्लॅटिपस' नावाच्या हल्ल्यातून संशोधकांनी दाखवले. त्यानंतर लिनक्सने तो आकडा फक्त रूट वापरकर्त्यासाठी ठेवला. कर्नल अद्ययावत केल्यावर देखरेख शून्य दाखवू लागली, तर कारण बहुधा हेच. सगळ्यांसाठी फाइल पुन्हा उघडी करण्याचा सल्ला इंटरनेटवर सहज मिळतो, पण तो मानणे म्हणजे मुद्दाम बंद केलेली खिडकी उघडणे. त्यापेक्षा वाचन करणाऱ्या एकाच सेवेला अधिकार द्यावा. आभासी सर्व्हरमध्ये रॅपल सहसा नसतोच.

पडताळणी

शंका मिटवायची तर बाहेरून मोजावे. खरे वॅट दाखवणारा मीटर घ्यावा आणि सर्व्हरच्या सर्व वीजवायरी त्यावरून जातील असे पाहावे. मग तीन स्थितींत दहा-दहा मिनिटे नोंद करावी: यंत्र मोकळे, निम्म्या कामावर आणि पूर्ण कामावर. तिन्ही ठिकाणी फरक सारख्याच टक्क्यांचा असेल तर इनपुट-आउटपुटचा गोंधळ आहे. फरक बरोबर निम्मा किंवा दुप्पट असेल तर बेरीज चुकली आहे. मोकळ्या यंत्रावरच फरक मोठा आणि पूर्ण कामावर नगण्य असेल, तर ती सेन्सरची मर्यादा. त्याची अचूकता पूर्ण क्षमतेच्या प्रमाणात ठरते. समजा १,६०० वॅटच्या पॉवर सप्लायची चूक क्षमतेच्या १ टक्का असेल, तर ती १६ वॅट झाली. १०० वॅट घेणाऱ्या मोकळ्या सर्व्हरवर हाच आकडा १६ टक्के होतो.

नवी मुंबईत ऐरोली, महापे, रबाळे भागात डेटा सेंटरची मोठी वस्ती आहे. अशा ठिकाणी जागा भाड्याने घेणाऱ्या कंपन्यांना किलोवॅटच्या हिशेबाने पैसे मोजावे लागतात. तिथे मालकाच्या मीटरशी आपले आकडे ताडताना दोन्हींची घड्याळे जुळलेली आहेत का, हे आधी पाहावे. बीएमसीचे घड्याळ मुख्य सर्व्हरपेक्षा वेगळे असते, ते जागतिक वेळेवर राहिले तर साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि दुपारचा सर्वोच्च भार आलेखात सकाळी दिसतो.