१ ऑगस्ट : एका तारखेचे दप्तर

महसूल खात्याचे नवे वर्ष पाडव्याला उजाडत नाही आणि जानेवारीतही नाही. ते उजाडते १ ऑगस्टला, ऐन पावसात, जेव्हा ३१ जुलैअखेरची बाकी ओढून तलाठी नवी पाने उघडून बसलेला असतो. कचेरीबाहेर कोणाच्या गावीही नसणारी ही तारीख १९२० साली रविवारी आली, आणि मध्यरात्र उलटून फार वेळ झाला नव्हता तोच क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी देह ठेवला. नेहमीच्या स्मशानभूमीऐवजी चौपाटीच्या वाळूत अग्निसंस्कार करण्यास सरकारची खास परवानगी मिळाली. भर पावसात लाखोंचा समुदाय गिरगावाकडे लोटला, आणि पद्मासनात बसविलेल्या त्या देहाला गांधींनीही खांदा दिला. असहकारितेचा आरंभही त्याच दिवशीचा.

टिळकांचा आणि महसुली दप्तराचा संबंध मात्र जुना. १८९६ च्या दुष्काळात ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी त्यांनी रयतेला बजावले होते, की साऱ्याची सूट-तहकुबी ही सरकारची मेहेरबानी नसून दुष्काळी कायद्याने दिलेला हक्क आहे, तेव्हा पीक बुडाले असता गुरेढोरे विकून सारा भरू नका. सरकारला सरकारच्याच कायद्यात पकडण्याची ही वकिली हातोटी खास त्यांची. पण सूट मागायची तर आधी दप्तरात आपल्या नावाचे खाते असावे लागते.

ते खाते ज्यांच्या नशिबी नव्हते अशांपैकी एका घरात, त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील वाटेगावच्या मांगवाड्यात, त्याच १ ऑगस्टला भाऊराव आणि वालुबाई साठे यांना मुलगा झाला. नाव तुकाराम, पुढे महाराष्ट्राने त्याला अण्णा भाऊ म्हटले. शाळा लाभली म्हणतात ती अवघी दीड दिवस. मग आईबापांबरोबर पायी मुंबई, आणि तेथे गिरणी. १९०८ च्या जुलैत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा ज्या गिरण्यांच्या कामगारांनी सहा दिवस संप केला होता, त्याच गिरण्यांचा हा मुलूख.

१९५९ साली अण्णा भाऊंची ‘फकिरा’ ही कादंबरी आली. तिच्यातही दुष्काळ आहे. परंतु तेथे अर्ज नाही, कलम नाही, तहकुबीची मागणी नाही. सरकारने गुन्हेगार ठरवून रोजच्या हजेरीला जुंपलेल्या जमातीतला तो मर्द, माणसे उपाशी मरत असताना धान्याची कोठारे फोडतो आणि ते धान्य वाटून टाकतो. टिळकांच्या त्या मोहिमेबद्दल मला पूर्ण आदर आहे. तरी या दोन दुष्काळांची पाने शेजारीशेजारी ठेवली म्हणजे पहिल्यात वाटेगावच्या मांगवाड्यासाठी एक ओळही सापडत नाही.

आता १ ऑगस्टला कचेऱ्यांत दोन तसबिरी एकाच मेजावर हार घालून मांडतात, आणि तहसीलदारसाहेब फुले वाहून झाली की महसूल दिनाच्या कार्यक्रमाकडे वळतात.