लघुसंदेश आणि एचआयव्ही-औषधोपचार

एचआयव्ही-बाधित रुग्णाने औषधे अखंड घ्यावीत म्हणून भ्रमणध्वनीद्वारे त्यास आठवण देण्याची पद्धती. मात्रा वारंवार चुकल्यास विषाणू औषधास दाद देईनासा होतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १ एप्रिल २००४ पासून ही औषधे विनामूल्य मिळू लागली. खर्च टळला, तरी वडखळसारख्या दूरच्या गावी राहणाऱ्या रुग्णास रोजचे सातत्य स्वतःच सांभाळावे लागे. केन्यात परिचारिका दर आठवड्यास लघुसंदेशाने खुशाली विचारीत व रुग्णाने ४८ तासांत उत्तर देणे अपेक्षित असे. तेथे सातत्य वाढल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दक्षिण भारतातील ६३१ रुग्णांच्या चाचणीत मात्र साप्ताहिक स्वयंचलित दूरध्वनी व चित्रसंदेश योजूनही लाभ आढळला नाही (२०१४). परिचारिकेचा प्रत्यक्ष सहभाग हे या भेदाचे एक कारण असावे. घरातील भ्रमणध्वनी सामाईक असल्यास रोग उघड होण्याचे भयही असते; त्यामुळे संदेशात रोगाचे नाव टाळणे इष्ट ठरते.