सायकल चालवून कॅन्सर बरा होतो का?

तर झालं असं, की गेल्या डिसेंबरात मी पुण्याहून महाबळेश्वरला सायकलनं गेले. अंतर साधारण १२० किलोमीटर. वाटेत कात्रज, खंबाटकी आणि पाय पार थकल्यावर पसरणीचा घाट. कॅन्सर झालेल्या मुलांच्या उपचारांसाठी निधी जमवायचा होता, म्हणून आम्ही प्रत्येकानं आपापल्या ओळखीच्यांकडे पैसे मागितले. शेजारचे काका म्हणाले, "अगं, पैसे मी सरळ दवाखान्यालाच देतो. त्यासाठी तू घाट कशाला चढतेस?"

प्रश्न रास्त होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येऊन शोधायला बसले, तर धागा थेट माझ्या पीएचडीच्या विषयापर्यंत येऊन पोचला!

मी डायहायड्रोफोलेट रिडक्टेज या एन्झाइमवर काम करते. पेशीला विभाजनासाठी नवा डीएनए लागतो आणि तो बनवायला फोलेट लागतं. हे फोलेट वापरण्याजोगं करून देणं हे या एन्झाइमचं काम. आता समजा, फोलेटसारखाच दिसणारा पण निरुपयोगी रेणू तिथे जाऊन बसला, तर? कुलुपात चुकीची किल्ली अडकल्यासारखं होतं. भराभर वाढणाऱ्या ल्युकेमियाच्या पेशींना त्याचा मोठा फटका बसतो.

बॉस्टनमधले डॉक्टर सिडनी फार्बर यांनी असाच रेणू, अमिनोप्टेरिन, ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिला. १९४८ च्या जूनमध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला : १६ पैकी १० मुलांमध्ये सुधारणा दिसली. ती तात्पुरतीच होती. आजार परत उलटत होता. पण औषधानं ल्युकेमिया मागे हटू शकतो, हे तोवर कुणाला फारसं पटतच नव्हतं. हे औषध आलं होतं लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेतून, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला फॉस्फरस मोजताना निळा रंग यायची वाट बघत बसलेल्यांना फिस्के-सुब्बाराव पद्धत आठवेल. तेच हे सुब्बाराव.

आता पुढचं संशोधन करायचं तर पैसा हवा. २२ मे १९४८ ला एका रेडिओ कार्यक्रमात फार्बर यांच्या एका लहान पेशंटशी गप्पा मारल्या गेल्या. त्याचं खरं नाव न सांगता त्याला 'जिमी' म्हटलं. बॉस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खोलीत आले, आणि जिमीला सामना बघायला टीव्ही मिळावा म्हणून श्रोत्यांना मदत मागितली गेली. लक्ष्य २०,००० डॉलरचं होतं, जमले २,३१,००० च्या वर. हाच 'जिमी फंड'. बरं, या जिमीचं पुढे काय झालं? तो बरा झाला, त्यानं संसार केला, आणि पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये, तो मुलगा कोण हे जगाला कळलं.

सायकल या गोष्टीत येते १९८० मध्ये. बिली स्टार या तरुणाची आई १९७४ मध्ये मेलॅनोमानं गेली होती. त्यानं मित्रमंडळी जमवली, आणि ३६ जण मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डपासून समुद्राकाठच्या प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत दोन दिवसांत सुमारे ३५० किलोमीटर गेले. जिमी फंडासाठी १०,२०० डॉलर जमले, म्हणजे माणशी २८३ च्या आसपास. आकडा तसा छोटाच. पण 'पॅन-मॅस चॅलेंज' नावाची ही राइड पुढेही दरवर्षी होत राहिली, आणि आजवर तिनं फार्बर यांच्या संस्थेला, म्हणजे आजच्या डाना-फार्बरला, १०० कोटी डॉलरहून जास्त दिलेत.

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. मला दोन उत्तरं सापडली. पहिलं म्हणजे, काकांनी सरळ पैसे दिले तर एकजण देतो. मी घाट चढले तर पन्नास जणांकडे मागू शकते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागू शकते. "मला पैसे द्या" म्हणायला जीभ रेटत नाही, "मी घाट चढतेय, तुम्ही काय देणार?" हे म्हणता येतं.

दुसरं उत्तर संशोधकाला जास्त जवळचं आहे. सरकारी अनुदान मागायला गेलं की आधी प्राथमिक निष्कर्ष मागतात. ते काढायलाच तर पैसे हवे असतात! या अडचणीच्या जागी देणगीचा पैसा कामी येतो, कारण फसण्याची शक्यता असलेला प्रयोगही त्यावर करून बघता येतो. अमिनोप्टेरिन हा तसाच प्रयोग होता.

अर्थात यात एक खोट आहे, ती लपवू नये. ज्या आजाराला गोड चेहरा मिळतो, त्याच्याकडे पैसा धावतो. प्रत्येक आजाराला जिमी मिळत नाही. म्हणून सायकलस्वारांच्या भरवशावर सरकारनं हात झटकणं मला मुळीच मान्य नाही.

तरी हेही बघा : अमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट आजही मुलांच्या ल्युकेमियावर वापरतात, आणि इतर औषधांच्या जोडीनं विकसित देशांत अशी सुमारे ९० टक्के मुलं वाचतात. सुब्बाराव १९४८ च्या ऑगस्टमध्येच गेले. त्यांना यातलं काहीच बघायला मिळालं नाही.

हे सगळं काकांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं, पण उतारावर ब्रेक जपून मार." आणि ५०१ रुपये दिले.