जॅग्वार ई-टाइप मोटारीचे शीतन : बिघाड व घरगुती दुरुस्ती

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील जॅग्वार कारखान्यात १९६१ ते १९७४ या काळात तयार झालेल्या ई-टाइप या वेगवान मोटारीच्या एंजिनातील अतिरिक्त उष्णता पाण्याच्या द्वारे वाहून नेऊन हवेत सोडणारी जी यंत्रणा, तिच्यात उद्भवणारे दोष आणि ते मालकाने स्वतःच्या घरी, सामान्य हत्यारांनिशी, कसे ओळखावे व दूर करावे, एवढाच या नोंदीचा विषय आहे. या मोटारीचे एकूण उत्पादन ७२,००० हून अधिक झाले. तीन आवृत्त्यांपैकी पहिलीसंबंधी, त्यातही ३.८ लिटर एंजिनासंबंधी, लिखित माहिती विपुल असल्याने प्रस्तुत विवेचन मुख्यतः तिलाच अनुलक्षून आहे.

पार्श्वभूमी : एक्सके या नावाने प्रसिद्ध असलेले, वर दोन कॅमशाफ्ट असलेले सहा सिलिंडरांचे एंजिन १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आले. विल्यम हाइन्स, वॉल्टर हॅसन व क्लॉड बेली या अभियंत्यांकडे त्याच्या अभिकल्पाचे श्रेय जाते, आणि त्याचे हेड सिद्ध करण्यात हॅरी वेस्लेक यांचा वाटा होता. ई-टाइपमध्ये हे एंजिन प्रथम ३,७८१ घन सेंमी. व १९६४ पासून ४,२३५ घन सेंमी. आकारमानाचे बसविण्यात आले. दोन्हींची जाहीर शक्ती २६५ अश्वशक्ती होती. मोटारीचे कवच विमानविद्येत तयार झालेल्या माल्कम सेयर यांनी आखले, आणि हवेचा विरोध कमीत कमी व्हावा या हेतूने त्यांनी तिचे मुख अरुंद, लंबगोल ठेवले. मार्च १९६१ मध्ये जिनीव्हा येथे जे रूप पाहून प्रेक्षक मुग्ध झाले, त्या रूपाचा हा मुख्य अलंकार होता खरा. परंतु रेडिएटरला मिळणारी हवा याच मुखातून यावयाची असल्याने, मोटार धावत असताना पुरेसे असणारे हे द्वार रहदारीत थांबलेल्या मोटारीला अपुरे पडते. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत कारखान्याने मुख मोठे केले आणि एका पंख्याच्या जागी दोन पंखे दिले, यावरून मूळ योजनेतील उणीव कारखान्यासही मान्य झाली असावी असे अनुमान करता येते.

रचना : पट्ट्यावर चालणारा वॉटर पंप पाणी ओतीव लोखंडाच्या ब्लॉकमध्ये ढकलतो; तेथून ते ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये चढते, इनलेट मॅनिफोल्डच्या जलमार्गाने पुढे येऊन थर्मोस्टॅटपाशी पोहोचते, आणि थर्मोस्टॅट उघडा असल्यास शीर्षटाकी व रेडिएटर यांतून थंड होऊन पुन्हा पंपाकडे परतते. यंत्रणेत सुमारे १८ लिटर पाणी मावते. शीर्षटाकीवरील दाबाचे झाकण ३.८ लिटरच्या मोटारीत चौरस इंचास ४ पौंडांचे असे. तेवढ्या दाबाखाली शुद्ध पाणी समुद्रसपाटीला १०० ऐवजी सुमारे १०७ अंश सेल्सियसला उकळते. झाकणाची स्प्रिंग सैल झाली अथवा रबर चिरले, तर ही सात अंशांची सवलत नाहीशी होते आणि निरोगी एंजिनही पाणी बाहेर फेकू लागते. सबब सर्वात स्वस्त असलेला हा जिन्नस सर्वात आधी तपासावा. तापलेल्या एंजिनावरील झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये, कारण दाब सुटताच आतील पाण्याची एकदम वाफ होऊन हात व चेहरा भाजतो.

निदान : मोटार कोणत्या प्रसंगी तापते, या एका प्रश्नाच्या नेमक्या उत्तरात अर्धे निदान सामावलेले असते. उभ्या मोटारीत काटा चढतो व धावू लागताच उतरतो, तर दोष हवेचा, म्हणजे पंखा, त्याची कळ किंवा रेडिएटरभोवतीची आवरणे यांचा, होय. उलटपक्षी मोकळ्या रस्त्यावर, वेग वाढविल्यावर काटा चढत असेल, तर पाणी फिरत नाही असे समजावे. रेडिएटरच्या नळ्या तुंबलेल्या असतील, पंपाची पाती झिजलेली असतील, किंवा पंपाच्या ओढीने खालचा मऊ पडलेला होज आत चेपत असेल. एंजिन सुरू केल्यावर दोनचार मिनिटांतच पाणी उसळत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे किंवा हेड गॅस्केट गेले आहे, असा संशय घ्यावा. बोरघाटाच्या चढणीवर बॉनेट उघडून, वाफ शमण्याची वाट पाहत उभ्या राहिलेल्या मोटारींची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना चौथा प्रकार सांगावयास नको : चढावर, जड कामाखाली, उष्णता जास्त निर्माण होते आणि वेग मात्र कमी असतो, त्यामुळे हवेचा व पाण्याचा असे दोन्ही दोष त्या ठिकाणी एकवटतात.

प्रज्वलनाची वेळ मागे पडली असेल किंवा कार्बुरेटरमधील मिश्रण विरल असेल, तरीही एंजिन तापते. त्या वेळी शीतनयंत्रणा निर्दोष असते आणि तिच्यावर केलेला खर्च व्यर्थ जातो. मापकावर आंधळा विश्वास ठेवणे हीही चूक आहे. तापमानाचा संवेदक आपल्या आट्यांतून एंजिनाच्या धातूशी विद्युत् संपर्क साधतो, आणि गळती थांबविण्यासाठी आट्यांवर जाड फीत गुंडाळल्यास तो संपर्क बिघडून काटा खऱ्याहून कमी उष्णता दाखवितो. हातात धरावयाच्या अवरक्त तापमापकाने थर्मोस्टॅटचे घर, हेडची मागील बाजू आणि रेडिएटरची दोन्ही टोके यांची शहानिशा केल्याखेरीज एकही पाना उचलू नये.

थर्मोस्टॅट व उपमार्ग : या मोटारीच्या शीतनातील सर्वात महत्त्वाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग हाच होय. थंड एंजिनात थर्मोस्टॅट बंद असतो. तेव्हा पाणी रेडिएटर टाळून एका उपमार्गाने पंपाकडे परत जाते, म्हणजे एंजिन लवकर व सर्वत्र सारखे तापते. मूळ थर्मोस्टॅटला खाली एक दंडगोल झालर होती. तो उघडताना ही झालर वर सरकून उपमार्गाचे तोंड बंद करी, आणि त्यानंतर सगळे पाणी रेडिएटरकडेच जाणे भाग पडे. पुढे बाजारात आलेले कित्येक बदली थर्मोस्टॅट घरात तंतोतंत बसतात, योग्य तापमानाला उघडतातही, परंतु त्यांना झालर नसते. परिणाम असा होतो की उपमार्ग सदैव उघडा राहतो आणि तापलेल्या पाण्याचा बराचसा भाग रेडिएटरचे दर्शनही न घेता पुन्हा एंजिनात शिरतो. मालक नवा रेडिएटर घेतो, नवा पंखा बसवितो, पंप बदलतो, तरी काटा उतरत नाही, या गाऱ्हाण्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

आपल्याकडे पुष्कळ मिस्त्री उष्ण हवामानाचा इलाज म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. एक्सके एंजिनाच्या बाबतीत हा इलाज रोगाहून वाईट ठरतो, कारण थर्मोस्टॅट गेला की झालर गेली आणि उपमार्ग कायमचा मोकळा झाला. योग्य तजवीज म्हणजे झालरीचा थर्मोस्टॅट मिळवून बसविणे. तो न मिळाल्यास उपमार्गात लहान छिद्राची चकती बसवून प्रवाह आवरता येतो. उपमार्ग पूर्णपणे बुजविणे मात्र धोक्याचे, कारण मग थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी जागीच उभे राहते व हेडमध्ये ठिकठिकाणी वाफ धरते. छिद्र किती मोठे असावे याविषयी जाणकारांत एकवाक्यता नाही.

नवा थर्मोस्टॅटही न तपासता बसवू नये. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने टांगावा, शेजारी तापमापक धरावा, आणि पाणी तापविताना तो कोणत्या अंशाला हलू लागतो व उकळीपर्यंत पूर्ण उघडतो की नाही, हे डोळ्यांनी पाहावे. बसविताना त्यावरील हवा सुटण्याचे बारीक छिद्र वरच्या अंगाला ठेवावे.

ब्लॉकमधील गाळ : पाण्यात गंजरोधक द्रव्य घालण्यास वर्षानुवर्षे हयगय झाली म्हणजे ओतीव लोखंडाचा गंज, कठीण पाण्याचे क्षार आणि ओतकामाच्या वेळची राहिलेली वाळू यांचा चिखल ब्लॉकच्या तळाशी बसतो, आणि पाण्याचा जोर जेथे मंदावतो त्या मागच्या सिलिंडरांभोवती तो सर्वात जाड होतो. संवेदक पुढच्या बाजूला असल्यामुळे मागचे सिलिंडर भाजत असतानाही मापक स्वस्थ असू शकतो. पाणी सोडण्याची ब्लॉकवरील तोटी उघडूनही पाण्याचा थेंब न येणे, हा या रोगाचा निर्विवाद दाखला होय. अशा वेळी तोटी समूळ काढून छिद्रातून कडक तार फिरवावी. तेवढ्याने भागले नाही तर ब्लॉकच्या बगलेतील कोअर प्लग काढून, तारेने गाळ खरवडून, बागेच्या नळीने पाणी नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, ते स्वच्छ येईपर्यंत सोडावे. काम घाणेरडे आहे, त्यात एक संपूर्ण दिवस जातो, आणि काही प्लगांपर्यंत हात पोहोचण्यासाठी इतर भाग सोडवावे लागतात. परंतु याच्याइतके फळ देणारे दुसरे काम या मोटारीवर नाही. प्लग परत बसविताना पितळी घ्यावेत, म्हणजे ते गंजत नाहीत. राहिलेल्या क्षारांसाठी सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण चालते. कॉस्टिक सोडा मात्र वर्ज्य, कारण तो ॲल्युमिनियमचे हेड खातो.

पंखा व हवेचा मार्ग : पहिल्या आवृत्तीत विजेवर चालणारा एकच पंखा असून शीर्षटाकीतील तापमानाची कळ त्याला सुमारे ८० अंशांना सुरू करते. कळीच्या दोन तारा एकमेकींना जोडल्यावर पंखा फिरला, तर दोष कळीत. न फिरला, तर फ्यूज, तारा वा मोटर यांत. ३.८ लिटरच्या गाडीत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते, ४.२ लिटरच्या गाडीत ऋण. स्थायी चुंबकाची आधुनिक बदली मोटर जुन्या गाडीत नेहमीच्या समजुतीने जोडली, तर पंखा उलटा फिरून येणाऱ्या हवेलाच विरोध करतो. म्हणून बसविल्यावर रेडिएटरपुढे कागदाचा कपटा धरून तो आत ओढला जातो की नाही हे पाहावे. रेडिएटर व बॉनेट यांच्यामधील रबराच्या वा फोमच्या पट्ट्या गळून पडलेल्या असल्यास हवा बाजूने निसटते. त्या पुन्हा लावण्यास नाममात्र खर्च येतो.

पंप व होज : पंपाच्या अंगावरील गळतीछिद्रातून पाणी दिसू लागले की सील गेले असे समजून पंप बदलावा. फुगलेले, भेगाळलेले वा दाबल्यास पिठासारखे लागणारे होज सर्व एकदम बदलावेत.

हेड गॅस्केट : शीर्षटाकीत अखंड बुडबुडे, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साका, शेजारच्या दोन सिलिंडरांत घटलेला दाब, आणि टाकीतील हवेने निळ्या परीक्षण-द्रावाचे पिवळे होणे, ही ते गेल्याची लक्षणे. हेड घरी उतरविता येते. चौदा घुमटाकार नट व पुढील सहा लहान नट सोडवून, दोन माणसांनी ते उचलावे, एकट्याने नव्हे. येथे दोन खबरदाऱ्या अनिवार्य आहेत. उघड्या अवस्थेतील व्हॉल्व्ह हेडच्या खालच्या पृष्ठाबाहेर येत असल्याने हेड टेबलावर सपाट ठेवू नये, दोन्ही टोकांखाली लाकडी ठोकळे द्यावेत. आणि साखळी सुटलेली असताना कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्ट स्वतंत्रपणे फिरवू नयेत, कारण व्हॉल्व्ह एकमेकांवर किंवा पिस्टनवर आदळून वाकतात. हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टीने तपासावा. पाण्याच्या छिद्रांभोवती ॲल्युमिनियम कुरतडले गेले असल्यास ते काम यंत्रशाळेचे आहे; तेथे घरगुती दुरुस्तीची मर्यादा संपते.

बारा सिलिंडरांची आवृत्ती (१९७१ पासून) : ५,३४३ घन सेंमी., ॲल्युमिनियमचा ब्लॉक, दोन ओळींसाठी दोन थर्मोस्टॅट.

शीतक : इंग्लंडच्या हिवाळ्यासाठी पाण्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळतात; निम्मे प्रमाण असल्यास मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. ग्लायकॉलची उष्णता वाहून नेण्याची क्षमता पाण्याहून कमी असल्याने उष्ण प्रदेशात प्रमाण कमी ठेवता येते, परंतु गंजरोधक मात्र ऋतू कोणताही असो, लागतोच, कारण लोखंड व ॲल्युमिनियम एकाच पाण्यात राहिली की दुसऱ्याचा क्षय सुरू होतो. निर्जल शीतकाच्या उपयुक्ततेविषयी मतभेद आहेत. भरताना हीटरची झडप उघडी ठेवावी, गाडीचे नाक शक्य तितके उंच करावे, आणि एंजिन चालवून, थंड करून, पातळी पुन्हा पाहावी. अडकलेली हवा बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या फेरीस निघते. काढलेले जुने शीतक अंगणात किंवा गटारात ओतू नये. ते चवीला गोड व अत्यंत विषारी असते, कुत्री-मांजरी ते चाटतात आणि लहान मुलांचाही त्याकडे हात जातो. म्हणून ते झाकणाच्या डब्यात भरून, वर ठळक अक्षरांत ‘विष’ असे लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे आणि सांडलेले पाण्याने लगेच धुऊन काढावे.