सॉना

सॉना (फिनिश उच्चार: साउना) म्हणजे कोरड्या उष्णतेने तापवलेली लाकडी खोली, तसेच अशा खोलीत बसून घाम काढण्याची स्नानपद्धती होय. ही पद्धत उत्तर युरोपात, विशेषतः फिनलंड व एस्टोनिया या देशांत, फार पूर्वीपासून प्रचलित आहे. हा शब्द मूळचा फिनिश भाषेतील असून जगातील अनेक भाषांनी तो जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारला आहे. सुमारे ५५ लाख लोकसंख्येच्या फिनलंडमध्ये सुमारे ३३ लाख सॉना आहेत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने फिनलंडमधील सॉना संस्कृतीचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत केला. एस्टोनियातील व्होरोमा भागातील धूर-सॉनाच्या परंपरेला हे स्थान २०१४ मध्येच मिळाले होते.

रचना

सॉनाच्या खोलीत भिंतीलगत चढत्या उंचीची लाकडी बाके असतात. गरम हवा वर जात असल्यामुळे सर्वांत वरच्या बाकावर उष्णता सर्वाधिक असते. एका कोपऱ्यात ‘किउआस’ नावाची भट्टी असून तिच्यावर दगडांचा थर रचलेला असतो. भट्टी लाकडावर किंवा विजेवर चालते. खोलीचे तापमान साधारणतः ७० ते १०० अंश सेल्सियस, तर हवेची आर्द्रता १० ते २० टक्के असते.

इतक्या तापमानाचे पाणी त्वचेला लागल्यास ती तत्काळ भाजेल. परंतु कोरडी हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने आणि घामाच्या बाष्पीभवनाने त्वचा थंड राहत असल्याने तेवढीच तप्त हवा काही मिनिटे सहन होते. तापलेल्या दगडांवर पाणी टाकल्यावर उठणाऱ्या वाफेला ‘ल्योल्यू’ म्हणतात. या शब्दाचा प्राचीन अर्थ ‘प्राण’ किंवा ‘आत्मा’ असा होता. ही वाफ त्वचेवर द्रवरूप होताना आपली उष्णता शरीराला देते. त्यामुळे खोलीचे तापमान फारसे न वाढताही उष्णतेची जाणीव एकदम तीव्र होते.

इतिहास व सामाजिक स्थान

सॉनाचा जुना प्रकार म्हणजे ‘सावुसाउना’ अर्थात धूर-सॉना. त्यात धुराडे नसते. कित्येक तास लाकडे जाळून दगड तापवतात, विस्तव विझल्यावर धूर बाहेर जाऊ देतात आणि मगच स्नानाला सुरुवात होते. पुढे धुराडे असलेल्या भट्ट्या आल्या आणि विसाव्या शतकात विजेच्या भट्ट्यांमुळे सॉना शहरी इमारतींमध्येही पोहोचला. टांपेरे शहरातील राजापोर्ट्टी हा १९०६ मध्ये सुरू झालेला सॉना फिनलंडमधील चालू स्थितीतील सर्वांत जुना सार्वजनिक सॉना मानला जातो.

ग्रामीण फिनलंडमध्ये सॉना ही घरातील सर्वांत स्वच्छ जागा असे. पाण्याची व उष्णतेची सोय तेथेच असल्याने स्त्रियांची बाळंतपणे सॉनात होत आणि मृतदेहालाही तेथेच स्नान घातले जाई. नाताळच्या आदल्या दिवशी तसेच मध्य-उन्हाळी सणाला सॉनास्नान करण्याची प्रथा आजही टिकून आहे. फिनलंडच्या संसद भवनातही सॉना आहे.

स्नानाची रीत

स्नानापूर्वी अंग धुऊन घेतात. त्यानंतर साधारणतः ५ ते १५ मिनिटे खोलीत बसून बाहेर येतात आणि थंड पाण्याने, तळ्यात डुबकी मारून किंवा हिवाळ्यात बर्फात लोळून शरीर थंड करतात. हा क्रम दोन-तीन वेळा केला जातो. रक्ताभिसरणास चालना देण्यासाठी भूर्ज वृक्षाच्या पानेदार डहाळ्यांची जुडी अंगावर हलकेच मारतात. तिला पश्चिम फिनलंडमध्ये ‘विह्ता’ व पूर्व भागात ‘वास्ता’ म्हणतात.

शरीरावरील परिणाम व संशोधन

सॉनात त्वचेचे तापमान काही मिनिटांत सुमारे ४० अंशांपर्यंत जाते. त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि हृदयाचे ठोके मिनिटाला १०० ते १५० पर्यंत वाढू शकतात. एका स्नानात सरासरी अर्धा लिटर घाम जातो. स्नानानंतर स्नायू शिथिल होऊन शांत वाटते.

पूर्व फिनलंडच्या कुओपियो परिसरातील ४२ ते ६० वर्षे वयाच्या २,३१५ पुरुषांचा सुमारे वीस वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा सॉना घेणाऱ्यांच्या तुलनेत चार ते सात वेळा घेणाऱ्यांमध्ये आकस्मिक हृदयमृत्यूची जोखीम ६३ टक्क्यांनी कमी आढळली. मात्र हा निरीक्षणात्मक अभ्यास असल्याने त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. प्रकृती उत्तम असलेले लोकच वारंवार सॉना घेत असण्याची शक्यता उरते. तसेच हे निष्कर्ष पारंपरिक फिनिश सॉनाविषयी आहेत. बाष्पकक्ष किंवा कमी तापमानाच्या अवरक्त किरणांच्या कक्षांना ते थेट लागू करता येत नाहीत.

सॉनामुळे लगेच घटणारे वजन हे घामावाटे गेलेल्या पाण्याचे असते व पाणी प्यायल्यावर ते भरून निघते. घामातून शरीरातील ‘विषद्रव्ये’ निघून जातात, हा प्रचारही अतिशयोक्त आहे. घामात मुख्यत्वे पाणी व क्षार असतात. टाकाऊ द्रव्यांचे उत्सर्जन प्रामुख्याने यकृत व मूत्रपिंडांमार्फत होते.

धोके

अस्थिर हृदयशूळ, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका किंवा महाधमनीच्या झडपेचे तीव्र आकुंचन असलेल्यांनी सॉना टाळावा, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो. मद्यपान करून सॉना घेतल्यास रक्तदाब घसरणे, हृदयाची लय बिघडणे आणि अपघात यांचा धोका वाढतो. फिनलंडमधील हाइनोला येथे १९९९ पासून सॉनात सर्वाधिक काळ बसण्याची जागतिक स्पर्धा भरत असे. २०१० च्या अंतिम फेरीत ११० अंश तापमानात एका रशियन स्पर्धकाचा मृत्यू झाला व त्याचा फिनिश प्रतिस्पर्धी गंभीररीत्या भाजला. त्यानंतर ही स्पर्धा बंद करण्यात आली.

आयुर्वेदातील साम्य

घाम आणण्याच्या उपचाराला आयुर्वेदात ‘स्वेदन’ म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदनाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘जेंताक स्वेद’ हा सॉनाशी मिळताजुळता आहे. त्यात जलाशयाजवळ बांधलेले वर्तुळाकार गृह, मध्यभागी भट्टी आणि भिंतीलगत बसण्यासाठी ओटा असे वर्णन येते. या दोन परंपरांचा परस्परसंबंध असल्याचा पुरावा नाही. दोहोंत एक ठळक फरकही आहे: फिनिश रीतीत तप्त खोलीतून थेट थंड पाण्यात उतरतात, तर चरकसंहिता जेंताकातून बाहेर पडल्यावर लगेच थंड पाण्याचा स्पर्श टाळून, काही वेळाने कोमट पाण्याने स्नान करण्यास सांगते.