हेडफोन कोणता घेऊ, डॉक्टर? आधी थोडा इतिहास

तपासणी संपते, प्रिस्क्रिप्शन हातात पडतं आणि दारापाशी पोचल्यावर पेशंट मागे वळून विचारतात, ‘डॉक्टर, मुलाला हेडफोन घ्यायचाय. दोन हजारांत कुठला चांगला?’ विचारणाऱ्यांना वाटतं मी ‘घेऊच नका’ म्हणणार. मी तसं म्हणत नाही. गाणं ऐकायला मलाही आवडतं, आणि घेऊ नका म्हटल्याने कोणी घ्यायचं थांबत नाही. पण ‘कुठल्या कंपनीचा’ याचं उत्तर दर सहा महिन्यांनी बदलतं. ‘कशा प्रकारचा’ याचं उत्तर मात्र दोनशे वर्षांच्या इतिहासात सापडतं. तो इतिहास सुरू होतो आमच्याच, म्हणजे डॉक्टरांच्या, गळ्यातल्या वस्तूपासून.

१८१६ साली पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लेनेक या डॉक्टरांपुढे एक तरुण स्त्री हृदयाच्या तक्रारीसाठी आली. तिच्या छातीला थेट कान लावणं त्यांना संकोचाचं वाटलं. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक छातीवर ठेवलं, दुसरं कानाला लावलं, आणि हृदयाचे ठोके नुसत्या कानापेक्षा स्पष्ट ऐकू आले. पुढे लाकडी नळी आली. दोन्ही कानांत घालायचा, आज ओळखीचा वाटणारा स्टेथोस्कोप १८५०च्या सुमारास तयार झाला. न्यूयॉर्कच्या डॉ. जॉर्ज कॅमन यांनी १८५२ मध्ये त्याला वापरण्याजोगं रूप दिलं. एडिसनचा फोनोग्राफ लोकांना पैसे घेऊन ऐकवला जाऊ लागला तेव्हा त्यालाही अशाच रबरी नळ्या होत्या. १९६०च्या दशकात विमान प्रवाशांना मिळणारे हेडफोनही पोकळ नळ्यांचेच असत.

हे सांगण्याचं कारण आहे. स्टेथोस्कोपचे इअरपीस कानात नीट बसले नाहीत तर पाचशे रुपयांचा काय आणि वीस हजारांचा काय, दोन्ही सारखेच मुके. हृदयाचे आवाज खालच्या पट्टीतले असतात आणि फट राहिली की तेच आधी निसटतात. इअरफोनचंही तसंच. ‘याला बेसच नाही’ म्हणून परत आणलेल्या इअरफोनमध्ये अनेकदा दोष नसतो, त्याची रबरी टोपी त्या कानाला लहान किंवा मोठी पडलेली असते. पाकिटात तीन मापांच्या टोप्या येतात त्या याचसाठी. त्या बदलून पाहा. डावा आणि उजवा कान वेगळ्या मापाचा असू शकतो. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची वाकडी नळी सरळ होते. आम्हीही मोठ्या माणसाचा कान तपासताना हेच करतो. लोक टोप्या बदलण्याऐवजी आवाज वाढवतात, आणि कानाचं नुकसान तिथून सुरू होतं.

आता पुन्हा पॅरिस, पण १८८१ सालचं. वीज प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर डावी-उजवीकडे मायक्रोफोन लावले आणि तारांनी तो आवाज दोन किलोमीटरहून दूर प्रदर्शनात आणला. लोक दोन्ही कानांना एकेक रिसीव्हर धरून उभे राहत. गायक रंगमंचावर कुठून कुठे चालला हे त्यांना बसल्या जागी कळत होतं. आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो तो अनुभव हाच.

१९१० मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्यात नॅथॅनिएल बाल्डविन यांनी डोक्यावर बसणारा, दोन कानांचा हेडफोन घरच्या स्वयंपाकघरात बनवला आणि नौदलाला दाखवायला पाठवला. नौदलाला तो पसंत पडला, कारण बिनतारी संदेश इतके क्षीण येत की ऐकण्यासाठी कानात प्राण आणावे लागत. आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. त्याचा ट्रान्समीटर अवघ्या दीड किलोवॉटचा. स्वस्तातला रेडिओ म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला ना बॅटरी, ना वीज. आकाशातून येईल तेवढ्या शक्तीवर तो चालायचा, त्यामुळे आवाज फक्त हेडफोनमध्येच ऐकू यायचा. घरात ऐकणारे चार आणि हेडफोन एक असला की लोक तो चिनीमातीच्या वाडग्यात ठेवून भोवती कान लावत. त्या काळी जगभर ही युक्ती चालायची. नंतर स्पीकरचे रेडिओ आले आणि ऐकणं सामुदायिक झालं. आपल्या शहरातही, तेव्हाच्या औरंगाबादेत, निजामाच्या काळातलं रेडिओ केंद्र होतं, हे आजच्या किती तरुणांना माहीत असेल? स्वातंत्र्याच्या वेळी संस्थानांमध्ये जी पाच केंद्रं होती त्यांत म्हैसूर, त्रावणकोर, बडोदा आणि हैदराबादबरोबर औरंगाबादचं नाव आहे.

इथवरचा सगळा इतिहास बारीक आवाज ऐकण्याचा आहे. यंत्र दुबळं, कान सबळ. ऐकणारा शांत जागा शोधायचा, घरच्यांना गप्प बसवायचा आणि मग हेडफोन लावायचा.

संगीतासाठीचा हेडफोन त्यामानाने उशिरा आला. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी एक छोटा फोनोग्राफ बाजारात आणायचा म्हणून सोबत स्टिरिओ हेडफोन जोडला. लोकांनी फोनोग्राफ बाजूला ठेवून हेडफोन उचलला. १९६८ मध्ये जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने पिवळ्या स्पंजचा एचडी ४१४ काढला. त्याची पाठ उघडी होती, म्हणजे आवाज बाहेर जायला आणि हवा आत यायला मोकळीक. गाणं डोक्याच्या आत कोंबल्यासारखं न वाटता समोर बसून कोणी गातंय असं वाटतं ते अशा उघड्या हेडफोनमध्ये. तानपुऱ्याचा झंकार, बडा ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत हे तुमचं ऐकणं असेल आणि तुम्ही रात्री घरात निवांत ऐकत असाल, तर माझं मत उघड्या हेडफोनला. थोडे पैसे जास्त जातील, बरे हेडफोन चार-पाच हजारांच्या पुढे मिळतात, पण ते वर्षानुवर्षं टिकतात. बसमध्ये मात्र ते निरुपयोगी. बाहेरचं सगळं आत येतं आणि शेजाऱ्यालाही तुमचं गाणं ऐकू जातं.

आणि मग १ जुलै १९७९. जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला, किंमत ३३,००० येन. पहिल्या मॉडेलला हेडफोनची दोन छिद्रं होती, कारण एकट्याने ऐकणं लोकांना शिष्टाचाराला सोडून वाटेल अशी कंपनीचे अकिओ मोरिता यांना धास्ती होती. आमच्या वेळी घाटीच्या वसतिगृहात एकाच्या मामांनी आखातातून आणलेला वॉकमन होता. तो आठ जणांत फिरायचा आणि परीक्षेच्या आदल्या रात्री नेमका सापडायचा नाही.

वॉकमनने गाणं रस्त्यावर नेलं. माझ्या दृष्टीने या इतिहासातलं खरं वळण हेच. आतापर्यंत हेडफोन शांततेत लावायची वस्तू होती, आता ती गोंगाटात लावायची झाली. जालना रोडवर, एसटीत, कारखान्याच्या बसमध्ये बाहेरचा आवाज सहज ८० डेसिबलच्या आसपास असतो. गाणं त्याच्यावर ऐकू यायचं तर ते त्याहून मोठंच हवं. बोट नकळत वर जातं.

आकडे एकदा समजून घ्या, कारण डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ऐकलं तर चालतं. पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. १०० डेसिबलच्या आसपास संपूर्ण आठवड्याची मर्यादा वीसेक मिनिटांत संपते, आणि अनेक फोन व इअरफोन पूर्ण आवाजात तिथे पोचतात. लहान मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलला ४० तास, म्हणजे आणखी कडक. कानाच्या आतल्या शंखात जन्मतः साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. गोळी नाही, इंजेक्शन नाही.

वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना मी हे जास्त कळकळीने सांगतो. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमात ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे, म्हणजे गाण्यासाठीच्या मर्यादेपेक्षा बरीच सैल. पाळीतच कानाचा आठवड्याचा कोटा संपलेला असतो आणि परतीच्या बसमध्ये पुन्हा इअरफोन चढतो. अशा माणसाला आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचं ऐकू येणं कमी होतं. गप्पा मारताना त्याला काही जाणवत नाही. लग्नाच्या गर्दीत ‘काय?’ असं वारंवार विचारू लागल्यावर बायकोच्या लक्षात येतं.

गोंगाटावर दोन उपाय निघाले. पहिला कानात घट्ट बसणारा इअरफोन. अमेरिकेतले श्रवणशास्त्रज्ञ मीड किलियन श्रवणयंत्रांवर काम करत. त्यांच्या कंपनीने १९९१ मध्ये कानाच्या नळीत शिरून बाहेरचा आवाज बुचासारखा अडवणारा संगीताचा इअरफोन आणला. आज चारपाचशे रुपयांना मिळणारे रबरी टोपीचे इअरफोन त्याच कल्पनेचे वंशज आहेत. दुसरा उपाय अमर बोस यांचा. त्यांचे वडील बंगालमधले स्वातंत्र्यसैनिक, अमेरिकेत जाऊन राहिलेले. १९७८ मध्ये युरोपातून बोस्टनला परतताना विमानातल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या घरघरीने गाणं धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी विमानातच गणित मांडायला घेतलं. हेडफोनवरचा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो, यंत्र त्याच्या बरोबर उलटी लहर तयार करतं आणि दोन्ही एकमेकांना पुसतात. १९८९ मध्ये तो वैमानिकांसाठी आला, २००० मध्ये सर्वांसाठी. त्यालाच आपण नॉइज कॅन्सलेशन म्हणतो.

हे तंत्र एकसुरी, खालच्या पट्टीतल्या आवाजावर उत्तम चालतं. इंजिन, पंखा, मे महिन्यातला आपला कूलर. हॉर्न, भांड्यांचा आवाज, शेजारच्यांचं भांडण यावर ते फारसं चालत नाही, तिथे घट्ट टोपीच उपयोगी. त्याने कान बिघडतात का, असं पुष्कळ जण विचारतात. नाही. काहींना कानात दडा बसल्यासारखं वाटतं, एवढंच. गोंगाट कमी झाल्याने आवाज खाली ठेवता येतो, हा त्याचा मोठा फायदा. म्हणून रोज बसने जाणाऱ्या मुलासाठी दोन हजार असतील तर ते बेसच्या जाहिरातीवर घालू नका. नॉइज कॅन्सलेशनचे बरे इअरबड्स त्या किमतीत मिळू लागले आहेत. नाहीच जमलं तर पाचशेचा, तारेचा, टोपी नीट बसणारा इअरफोन चालेल. दुचाकीवर मात्र यांतलं काहीही नको.

आवडीचं बोलायचं तर लावणीची ढोलकी, हलगी, संबळ, हल्लीची डीजेची गाणी यांना खालच्या पट्टीचा भरणा लागतो, तेव्हा घट्ट बसणारा इअरफोन किंवा बंद पाठीचा हेडफोन घ्या. इथे एक गंमत आहे. बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज लहान असला की आपल्या कानाला खालच्या पट्टीचे सूर आणखी कमी ऐकू येतात. त्यामुळे थोडा भरलेल्या बेसचा हेडफोन लहान आवाजातही समाधान देतो. बेसवाल्यांना मी त्यामुळे नावं ठेवत नाही. कीर्तन, भाषणं, ऑनलाइन क्लास यांना तीन-चारशेचा तारेचा पुरतो. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांनी महागड्याच्या नादी लागू नये. त्या ध्वनिमुद्रणात वरच्या पट्टीचं फारसं काही नसतंच, महाग हेडफोन तुम्हाला तबकडीची खरखर तेवढी स्वच्छ ऐकवेल. खोक्यावर ‘४०,००० हर्ट्झ’ असं छापलेलं असतं त्याचेही पैसे देऊ नका. तरुण कान २०,००० पर्यंत ऐकतो आणि पन्नाशीला माझ्यासारख्याचा बाराएक हजारांच्या पुढे मंदावतो.

पैठण गेटच्या दुकानात तपासून घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. बाहेर रहदारी, आत दुसऱ्याचं गाणं चालू, अशा ठिकाणी जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. तुमच्या ओळखीचं एक गाणं फोनमध्ये नेऊन ते निम्म्या आवाजावर ऐका. शब्द स्पष्ट येतात का, टोपी बसते का, दहा मिनिटांनी कान दुखतो का, एवढं बघा. घरी आल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये कमाल आवाजाची मर्यादा असेल तर ती लावा, मुलांच्या फोनला तर नक्कीच.

इअरफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा बोलणं कापसातून आल्यासारखं वाटलं, तर आवाज जास्त झाला होता असं समजा, आणि काही दिवस हेडफोनला सुट्टी द्या. शिट्टी थांबली नाही तर श्रवण चाचणी करून घ्या. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक, तासाभरात किंवा झोपेतून उठल्यावर, गेलं असेल तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. हा प्रकार हेडफोनमुळेच होतो असं नाही, पण त्यावर औषध आहे आणि ते पहिल्या काही दिवसांतच चांगलं काम करतं.