बैलगाडा शर्यत

पुणे जिल्ह्याच्या शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर आणि मावळ या तालुक्यांत गावच्या यात्रेनिमित्त भरणारी, घड्याळाच्या काट्यावर खेळली जाणारी बैलांची शर्यत. शिक्रापूर-तळेगाव ढमढेरे पट्ट्यात चैत्र-वैशाखात नुसते 'गाडे आहेत' म्हटले, तरी पुरते.

शर्यतीची धाव म्हणजे घाट. हा डोंगरातला घाट नव्हे. पायथ्यापासून वर चढत जाणारी, दोन्ही अंगांना प्रेक्षक असलेली मातीची पट्टी. खेड तालुक्यातील निमगावचा खंडोबाचा घाट प्रसिद्ध आहे. गाडा हलका, दोन चाकी. त्याला जुंपलेली जोडी ती जुकाट, तिच्या पुढची जोडी ते कांडं. त्याही पुढे घोडीवरचा स्वार. गाड्यावर हाकणारा बसत नाही. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला बारी म्हणतात. निशाण पडले की पायथ्याशी बैल धरून उभी असलेली माणसे बाजूला होतात, भोंग्यावरून 'भिर्रर्र' घुमते, आणि दहा-पंधरा सेकंदांत सगळे संपलेले असते. बाजूला प्रतिस्पर्धी नसल्याने हार-जीत डोळ्यांना दिसत नाही; सेकंद पुकारले जाईपर्यंत मालकाचा जीव टांगणीला. सर्वांत कमी वेळ घेणारा 'घाटाचा राजा'.

सातारा-सांगलीकडे गाडीवानासह दोन बैलांच्या गाड्या शेजारी-शेजारी पळतात. विदर्भात याच हौसेला शंकरपट म्हणतात. तिथले गाजलेले तळेगाव मात्र अमरावती जिल्ह्यातले दशासर, ढमढेरे नव्हे.

7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर या शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या कायद्यात दुरुस्ती केली, पण त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त वाट मोकळी केली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. काठी, चाबूक, विजेचा झटका यांना बंदी आहे. घाटात गाड्यावर कोणी नसतेच, तेव्हा या नियमांचा खरा कस पायथ्याशी लागतो: तिथे बैलांची शेपटे माणसांच्या हाताशी असतात.